काचेतले पाणी

तांब्याच्या हंड्यात रात्रभर राहिलेले पाणी पहाटे उपाशीपोटी प्यावे, हा परिपाठ ज्या नगरीने पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने चालविला आणि जिच्या तांबट लेनमधील घागरी-बंबांनी सबंध मुंबई इलाख्यात नाव कमावले, त्या नाशिकात आज एखाद्या गृहस्थाने दिवाणखान्यातील माशांच्या टाकीत हंड्यातले तेच पुण्यप्रद पाणी वरचेवर ओतण्याचा क्रम ठेवला, तर काचेला चिकटलेल्या गोगलगायी प्रथम गळून पडतात, पाठोपाठ झिंगे जातात, आणि पाणी मृदू असेल तर नाजूक जातीचे मासेही कल्ल्यांची उघडझाप वाढवून पृष्ठभागाशी येऊ लागतात. कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाच्या निधनानंतर १८९३ साली जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात तांब्याचा नाममात्र अंशही शेवाळाच्या तंतूंना मारतो हे प्रयोगाने दाखविलेले होते. आमच्या आज्यांना हे आधीच ठाऊक होते, असे म्हणून समाधान पावण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ते समाधान अगदीच निराधार आहे असेही नाही. परंतु ज्या गुणामुळे हंड्यातील रोगजंतू नष्ट होतात, त्याच गुणाची झळ पाण्यातील उपकारक जंतूंनाही लागते, आणि त्या जंतूंवाचून काचेतल्या माशांचा संसार फार दिवस चालत नाही, हा त्या गोष्टीचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही.

नाशिकच्या जलशुद्धीचा इतिहास या उत्तरार्धाच्या बाजूने पाहू लागले, म्हणजे त्यात दोन पंथ स्पष्ट दिसतात: पाण्यात जीव राखून ते निर्मळ ठेवणारा एक, आणि पाण्यातला जीव मारून ते निर्धोक करणारा दुसरा. दुसऱ्या पंथाने शहराचा कारभार हाती घेतला आणि लाखो माणसांचे प्राण वाचविले, याबद्दल कोणाला शंका असण्याचे कारण नाही. पहिला पंथ मात्र हळूहळू विहिरीतून, आडातून, नदीतून हद्दपार होत गेला, आणि आज त्याचे शुद्ध स्वरूप पाहावयाचे तर ते हौशी मंडळींच्या दोन-तीन फुटी टाक्यांत पाहावे लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्राचीन काळापासून आरंभ करावयाचा तर त्रिरश्मी पर्वतावर, म्हणजे आजच्या पांडवलेण्यांत जावे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथे लेणे खोदविले, आणि त्या दानाच्या शिलालेखात लेण्याबरोबरच पाण्याच्या पोढींचाही उल्लेख आवर्जून केला. कातळाच्या पोटात खोदलेल्या अशा टाक्यांत ऊन शिरत नाही, म्हणून शेवाळ माजत नाही. आणि पाणी कातळाच्या भेगांतून झिरपत येते, म्हणून गाळ वरच राहतो. प्रकाश किती पडू द्यावा आणि गाळ कोठे अडवावा, या दोन प्रश्नांभोवतीच आजच्या मत्स्यपालकाची निम्मी चिंता फिरत असते. टाकी खिडकीसमोर ठेवणाऱ्या नवशिक्याला पंधरा दिवसांत जे हिरवे पाणी दिसू लागते, ते पाहावे लागू नये याची व्यवस्था भिक्षूंसाठी कातळानेच करून ठेवली होती.

वैद्यकाच्या ग्रंथांतही गढूळ पाणी निवळण्याचे उपाय आले आहेत. सुश्रुतसंहितेत अशी सात द्रव्ये सांगितली आहेत: कतक, गोमेद, कमळाच्या कंदाच्या गाठी, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. कतक म्हणजे आपली निवळी. तिची बी मातीच्या घागरीला आतून घासून मग पाणी भरण्याची चाल खेड्यापाड्यांत परवापरवापर्यंत होती, आणि बियांतील चिकट द्रव्याने गाळाचे सूक्ष्म कण एकमेकांना धरून तळाशी बसतात, हे त्यामागील कारणही आता ज्ञात आहे. या यादीतील कमळकंद आणि शेवाळ यांकडे मात्र वाचकाचे फारसे लक्ष जात नाही. जिवंत वनस्पती पाण्यातील मळ शोषून घेते, ही जाण तेथे निःसंशय दिसते, असे मला वाटते. मोती आणि मणी यांच्याविषयी मी तितक्या खात्रीने बोलणार नाही.

वस्त्राने पाणी गाळण्याचा नियम सर्वत्र होता, परंतु त्याचे सर्वांत सूक्ष्म रूप जैन घरांत दिसते. नाशिकजवळ म्हसरूळच्या गजपंथाला येणारे यात्रेकरूही तो पाळीत आले आहेत. दुहेरी फडक्यातून पाणी गाळावयाचे, आणि फडक्यात अडकलेले जीव झटकून न टाकता थोड्या गाळलेल्या पाण्याने धुऊन, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत हलकेच परत सोडावयाचे, असा हा विधी आहे. त्यात अहिंसेचा हेतू मुख्य आहे हे खरेच; पण ज्या पाण्याचे जीव त्याच पाण्यात परत गेल्याने विहिरीची घडी विस्कटत नाही, हा त्याचा व्यावहारिक परिणाम होय.

वाड्यांतील आड हा या पहिल्या पंथाचा खरा बालेकिल्ला. जुन्या नाशिकात टेकाडांच्या चढउतारावर दाटीने उभ्या असलेल्या वाड्यांच्या चौकात आड असे, आणि आडात मासे व एखादे कासव सोडलेले असे. मासे डासांच्या अळ्या खात, कासव मेलेले किडे आणि पडलेले अन्न उचले, खडकाच्या फटींतील झऱ्यांनी पाणी पालटत राही. सोडलेला मासा धरून खाण्याची कल्पनाही घरात कोणाच्या मनात येत नसे. आडातील मासे उलटे होऊन तरंगू लागले तर पाण्यात काही बिघाड झाला आहे हे घरच्या पोराबाळांनाही कळे, आणि पाणी भरणे त्या दिवसापुरते थांबे. देवाच्या डोहांतही हीच भावना मोठ्या प्रमाणावर होती. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणाऱ्या वैतरणेच्या काठी, वाडा तालुक्यातील तिळसे येथे, तिळसेश्वराच्या डोहातील मासे देवाचे म्हणून आजही राखले जातात. खुद्द नाशिकात १६९६ साली चित्रराव खटावकरांनी रामकुंड बांधले, पुढे पेशवाईत घाट आणि देवळे उठली. कुंडांना तळाचे झरे होते आणि वरून गोदावरीचा प्रवाह होता, त्यामुळे स्नान करणाऱ्यांची गर्दी पाण्याला पुष्कळ काळ सोसली.

१८६४ साली नाशिकला नगरपालिका आली. यात्रेच्या गावाला पटकीचे भय नेहमीचे, आणि पटकीचा जंतू पाण्यातून पसरतो हे रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त व कलकत्ता येथील संशोधनाने दाखविल्यानंतर सरकारी आरोग्य खात्याची दृष्टी विहिरींकडे वळणे क्रमप्राप्त होते. आग्र्याचे रासायनिक परीक्षक अर्नेस्ट हँकिन यांनी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची तजवीज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुढे आणली, आणि मग पटकीची वर्दी आली की पाणी गुलाबी होईपर्यंत ती पूड विहिरीत सोडण्याचे हुकूम मुलखभर सुटू लागले. मात्रा बेताची असली तर मासे तगत. कामगाराचा हात जरा सैल पडला, तर कल्ले भाजून सकाळी पाण्यावर पांढऱ्या पोटांचा थर दिसे. पुढे ब्लीचिंग पावडर आली, जिला ग्रामपंचायतींच्या दप्तरात आणि शिपायांच्या तोंडी आजही ‘टीसीएल’ म्हणतात, आणि तिच्यापुढे मात्र माशांचा निभाव लागण्याचा प्रश्नच उरला नाही.

गंमत अशी की, त्याच सुमारास सरकारचा दुसरा हात विहिरीत मासे सोडू लागला होता. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचा संबंध डासाशी जोडला. मुंबईत १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांचा हिवतापावरील अहवाल झाला, त्याने शहरातील विहिरींनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आणि त्या बुजविण्याची वा झाकण्याची मोहीम निघाली. तिला धार्मिक भावनेने केवढा विरोध झाला हे पारशी समाजाच्या आठवणीत अजून आहे. अळ्या खाणारा गंबुशिया मासा १९२८ साली इटलीतून हिंदुस्थानात आणला गेला, गप्पी मासा त्याच्याही आधी आला होता. म्हणजे पटकीचा बंदोबस्त करणाऱ्याने विहिरीतला जीव मारावा आणि हिवतापाचा बंदोबस्त करणाऱ्याने तिच्यात जीव सोडावा, असा हा सरकारी संसार पुष्कळ वर्षे एकाच छपराखाली नांदला. आरोग्य खात्याने डबक्यांत आणि वापरात नसलेल्या विहिरींत सोडलेला गप्पी आणि दुकानात रंगीत शेपटीसह जोडीच्या भावाने विकला जाणारा गप्पी हे एकाच कुळातले, याचा हौशी मंडळींना बहुधा विसर पडतो.

त्याआधीच, एकोणिसाव्या शतकात, युरोपात पाणी स्वच्छ होण्याचे कोडे दोन वेगळ्या वाटांनी उलगडत होते. १८२९ मध्ये जेम्स सिम्प्सन यांनी लंडनमध्ये वाळूच्या संथ गाळणीने टेम्सचे पाणी गाळण्यास आरंभ केला. प्रारंभी सर्वांची समजूत अशी की वाळू केवळ चाळणीचे काम करते. वाळूच्या वरच्या बोटभर थरात जो चिकट साका धरतो तोच खरा कामकरी आहे, आणि तो साका जिवंत आहे, हे ध्यानी येण्यास काही दशके जावी लागली. दुसरी वाट याहून मनोरंजक आहे. लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये घरातल्या काचपात्रात सोनेरी मासे, पाणगवत आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखविले की वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाय कुजकी पाने खाते, आणि पाणी न बदलताही मासे महिनोन्‌महिने जगतात. निसर्गशास्त्रज्ञ फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने ती हौस इंग्लंडभर पसरली. परंतु या हिशेबातली एक रक्कम वॉरिंग्टनना सापडली नव्हती. माशाच्या उत्सर्गातून निघणारा अमोनिया जातो कोठे? १८७७ मध्ये श्लेसिंग आणि म्युन्त्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाणी वाळूच्या उभ्या नळीतून सोडून दाखविले की त्यातील अमोनियाचे नायट्रेट होते आणि हे काम सजीवांचे आहे. आणि त्यानंतर रॉथॅमस्टेडच्या कृषिसंशोधन केंद्रात या क्रियेचा वर्षानुवर्षे पिच्छा पुरवून, ती दोन टप्प्यांनी होते, प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट, असे सिद्ध करणारा शास्त्रज्ञ होता दुसरा रॉबर्ट वॉरिंग्टन, त्या काचपात्रवाल्याचाच मुलगा. बापाच्या टाकीतले गूढ मुलाने शेताच्या मातीत उकलले. हे जंतू शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्याचा मान १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांच्याकडे गेला.

टाकीचे पाणी राखण्याचे सारे तंत्र या एका क्रियेवर उभे आहे. नव्या टाकीत हे जंतू नसतात. ते वाळूवर, स्पंजावर, काचेवर वस्ती करण्यास चार ते सहा आठवडे घेतात, आणि तेवढ्या काळात हौसेने सोडलेले डझनभर मासे अमोनियाने एकेक करून दगावतात. जाणता माणूस म्हणूनच आरंभी दोन-चार काटक मासे सोडतो, खाणे चिमटीने मोजून घालतो आणि वाट पाहतो. टाकी स्थिरावली म्हणजे आठवड्या-पंधरवड्याने चौथा हिस्सा पाणी नळीने तळाकडून ओढून काढावयाचे आणि तेवढेच नवे भरावयाचे. फिल्टरमधला स्पंज धुण्याची रीत येथे नीट पाहण्यासारखी आहे. टाकीतून काढलेलेच पाणी बादलीत घेऊन त्यात स्पंज दोन-तीनदा दाबला की चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ बादलीभर पसरतो. तेवढ्यावर थांबून, स्पंज अजून किंचित मळकट असतानाच तो परत बसवितात. तोच स्पंज कोणी स्वच्छतेच्या भरात नळाखाली धरून पांढराशुभ्र केला, तर नळाच्या क्लोरीनने जंतूंची वस्ती उठते आणि चार दिवसांत पाणी दुधाळ दिसू लागते. आपल्या गृहिणींच्या स्वच्छतेच्या कल्पनेला हे इतके विपरीत आहे की बहुतेक घरांत पहिली टाकी याच कारणाने मोडीत निघते.

नळाच्या या क्लोरीनची कथा गोदावरीच्या धरणाशी निगडित आहे. शहराच्या वरच्या अंगास बांधलेले गंगापूरचे मातीचे धरण १९६५ साली पुरे झाले, आणि नाशिकची तहान मुख्यत्वे त्याच जलाशयावर भागू लागली. तेथले पाणी तुरटीने निवळून, वाळूतून गाळून, क्लोरीन देऊन घरोघर येते. भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावयास हवा. माशाच्या कल्ल्यांना त्याच्या दशांशानेही कालांतराने इजा होते. उपाय दोन. पाणी उघड्या बादलीत दिवस-दोन दिवस शिळे करावयाचे, किंवा ‘हायपो’चे खडे टाकावयाचे. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, छायाचित्रकारांचे जुने रसायन. माशांच्या दुकानांत त्याच्या पुड्या मिळू लागण्यापूर्वी ते फोटोस्टुडिओत मिळे, आणि या रसायनाचा नाशिकशी जडलेला संबंध तर फारच जुना आहे. दादासाहेब फाळके १९१३ च्या अखेरीस दादर सोडून नाशिकला आले, १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीचा पसारा येथेच उभा राहिला, आणि चित्रपटाची फीत धुण्याच्या कामात हायपोवाचून पान हलत नसे. सरस्वतीबाई फाळके स्वतः ती रसायने कालवीत. प्रतिमा पक्की करण्यासाठी या शहरात आलेले द्रव्य पुढे माशांचे कल्ले वाचवू लागले.

माशांची हौस मध्यमवर्गात रुजली ती मात्र मुंबईकडून. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि मुंबईस गेलेल्या प्रत्येक नाशिककर कुटुंबाच्या सहलीत ते एक ठिकाण झाले. काच जोडणारा सिलिकोन आणि बाजारातील छोटे हवेचे पंप आल्यावर लोखंडी चौकटीच्या गळक्या टाक्या गेल्या, आणि प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून मद्रास-कलकत्त्याचे मासे कसारा घाट चढून येऊ लागले. या व्यापाराचा तपशील कंटाळवाणा आहे, तो सोडतो.

नाशिकच्या ऋतूंनी मत्स्यपालकाला जे शिकविले ते अधिक मोलाचे. आषाढ-श्रावणात जलाशयात गाळ येतो, शुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीन या दोहोंची मात्रा वाढते, तुरटीने पाण्याचा आम्लांश वाढतो, आणि म्हणून मुरलेली मंडळी त्या दोन महिन्यांत पाणी थोडे-थोडेच बदलतात. पौषात रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरला की उष्ण कटिबंधातील माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठतात, आणि हीटर नसलेली टाकी गोधडीने गुंडाळलेली पाहण्यात येते. ज्यांच्याकडे विहिरीचे वा बोअरचे पाणी आहे त्यांची अडचण निराळी: काळ्या पाषाणातून आलेले पाणी जड असते, गप्पी-मोलीला ते मानवते, दक्षिण अमेरिकेच्या मृदू पाण्यातील माशांना मानवत नाही. त्यावर हल्ली घरोघर बसलेल्या ‘आरओ’ यंत्राचा आधार घेतला जातो. त्या यंत्रातील पडद्याचा शोध १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात लोब आणि आपल्याकडून तिकडे गेलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी लावला. पण त्यातून निघणारे पाणी क्षारांनी इतके रिते असते की निव्वळ त्यात माशांना ठेवणे घातक. ते नळाच्या पाण्यात मिसळूनच वापरावे लागते. माणसाने आपल्यासाठी पाणी जसजसे निर्मळ करीत न्यावे तसतसे माशासाठी ते पुन्हा थोडे अशुद्ध करून घ्यावे लागावे, हे मला मोठे मौजेचे वाटते.

नदीचे म्हणाल तर, २००३ च्या सिंहस्थापूर्वी कुंडांच्या तळांना काँक्रीट घातले गेले आणि तळाचे झरे बुजले. ते काँक्रीट काढावे म्हणून प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. सांडपाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट खाऊन माजणाऱ्या पाणवेली दरवर्षी दसक-पंचकच्या अंगाला साचतात, आणि त्या उपसण्यास माणसे व यंत्रे लावावी लागतात. ज्या नायट्रेटसाठी घरातला हौशी माणूस टाकीत दोन रोपे लावतो, त्याच नायट्रेटवर हा सारा हिरवा पसारा पोसला जातो, आणि प्रवाहाबरोबर तो नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत जातो. १९०७ ते १९११ या काळात बांधलेल्या त्या बंधाऱ्यामागील दलदलीला आता रामसर यादीत स्थान आहे.

टाकीची काच साफ ठेवतो म्हणून दुकानदार जो सकर मासा गळ्यात बांधतो, तो दक्षिण अमेरिकेचा. लहानपणी तो बोटाएवढा असतो आणि काचेवरचे शेवाळ इमानाने चाटतो. वर्षा-दोन वर्षांत हातभर वाढून टाकीत मावेनासा होतो. मग आडात मासा सोडण्याचा वारसा सांगणारे आपण लोक त्याला मारवत नाही म्हणून पिशवीत घालतो आणि नदीत किंवा तळ्यात सोडून, वर हात जोडून, घरी येतो. उजनीच्या जलाशयात तो आता जाळ्यांत येऊ लागला आहे. त्याच्या काटेरी परांनी आणि खवल्यांच्या कठीण चिलखताने जाळी फाटते, बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही, आणि काठावर फेकून दिला तरी तो लवकर मरत नाही, अशी तेथील मासेमारांची तक्रार आहे.